खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर सांधा बदलला, आणि पुन्हा ॲडमिट करावं लागलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन फिजिओथेरपी देणं हे माझं रोजचं काम. खुब्याचं हाड मोडल्यावर सांधा बदललेले रुग्ण त्यात बरेच असतात. माणूस घरी येतो, सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुन्हा हॉस्पिटल. त्या दिवसांत मुलं, सुना, नवरा-बायको मला दारात गाठून किंवा रात्री फोन करून जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. औषध सुरू करणं, थांबवणं, बदलणं हे मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

सर्जन म्हणाले, "सांधा एकदम छान बसलाय." मग आईला बाराव्या दिवशी परत ॲडमिट का करावं लागलं?

कारण बहुतेक वेळा परत जावं लागतं ते सांध्यामुळे नाहीच. न्यूमोनिया, लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, अंगातलं पाणी कमी होऊन किडनीवर ताण येणं, हृदय थकून धाप लागणं, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, पोटात रक्तस्राव ही नेहमीची कारणं. जखमेत पू होणं, सांधा निखळणं, नव्या सांध्याच्या दांड्याभोवती हाड मोडणं हेही घडतं, पण त्याचा वाटा लहान असतो.

घरच्यांचं सगळं लक्ष मात्र टाक्यांवर असतं. ड्रेसिंग कोरडं आहे ना, पाय सरळ आहे ना, हे दिवसातून दहादा बघतात. आईने सकाळपासून एकदाच लघवी केली, कालपासून ती झोपाळलेली आहे, जेवण निम्म्यावर आलंय, हे डोळ्यांसमोर असूनही "ऑपरेशनचा थकवा असेल" म्हणून सुटून जातं. या पानावर मला सांगायचं आहे ते मुख्यतः हेच: पहिले तीन-चार आठवडे खुब्यापेक्षा माणसाकडे जास्त बघा.

असं किती जणांच्या बाबतीत होतं?

परदेशातल्या मोठ्या नोंदींमध्ये खुब्याच्या फ्रॅक्चरच्या ऑपरेशननंतर ३० दिवसांत साधारण दर दहा रुग्णांमागे एक जण परत दाखल झालेला दिसतो. आपल्याकडे रुग्ण बऱ्याचदा दुसऱ्याच, घराजवळच्या नर्सिंग होममध्ये जातो. त्यामुळे ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना कळतही नाही. निदान फोन करून त्यांना कळवा.

शेजारच्या काकांनीही सांधा बदलला. ते महिन्याभरात बाजारात जाऊ लागले. बाबांचंच असं का?

काकांचा सांधा झिजला होता. त्यांनी तारीख ठरवली, शुगर-बीपी आटोक्यात आणलं, दात तपासून घेतले आणि मग चालत हॉस्पिटलात गेले. तुमचे बाबा पडले. ज्या दिवशी ते पडले त्या दिवशी त्यांची जी प्रकृती होती, तिच्यासकट त्यांना टेबलावर घ्यावं लागलं. शिवाय ते पडले का, हाही प्रश्न आहेच. चक्कर, अंधुक नजर, पार्किन्सन, रात्री लघवीला उठताना उतरलेला बीपी, असं काहीतरी आधीपासून असतं आणि ऑपरेशनने ते जात नाही.

अमेरिकेत ऑक्टोबर २०१२ पासून परत दाखल होणाऱ्या रुग्णांचं प्रमाण जास्त असलेल्या हॉस्पिटलांचे सरकारी विम्याचे पैसे कापतात. पुढे त्या यादीत खुबा आणि गुडघा बदलण्याची शस्त्रक्रियाही आली, पण फक्त ठरवून केलेली. फ्रॅक्चरचे रुग्ण त्या मोजमापातून बाहेर ठेवले आहेत. दोघांची तुलना करू नये, हे त्यांनाही पटलेलं आहे. म्हणून काकांचं उदाहरण बाबांसमोर रोज देऊ नका. त्यांचा धीर सुटतो.

अर्धा सांधा बसवला म्हणून हे झालं का? पूर्ण बसवायला हवा होता का?

बहुधा नाही. मांडीच्या हाडाची मान मोडून सरकली असेल तर वृद्धांमध्ये बऱ्याचदा फक्त गोळा बदलतात, वाटी बदलत नाहीत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पन्नाशीपुढच्या सुमारे दीड हजार रुग्णांमध्ये अर्धा आणि पूर्ण सांधा यांची तुलना केली होती. दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. पूर्ण सांध्याच्या गटात निखळण्याचं प्रमाण उलट थोडं जास्त होतं. दांडा सिमेंटने बसवला की हाड पुन्हा मोडण्याचा धोका कमी राहतो, हे मात्र चांगलं सिद्ध झालेलं आहे.

ऑपरेशनला चार दिवस उशीर झाला. त्याचा संबंध असेल?

असू शकतो. ब्रिटनमधली मार्गदर्शक सूचना भरतीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करा असं सांगते. वाट बघताना माणूस पाठीवर पडून राहतो, कफ साचतो, पाठ लाल होते, लघवीची नळी राहते. गावाकडे आधी हाडवैद्याकडे नेऊन पाटा बांधतात आणि आठवडा जातो. खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये हा आठवडा फार महागात पडतो. पण झाला तो उशीर आता भरून निघणार नाही. पुढचं बघू.

डिस्चार्जच्या दिवशी नेमकं काय विचारून घ्यावं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. बिल, क्लेम, गाडी, लिफ्ट यांतच दिवस जातो आणि डिस्चार्ज कार्ड पिशवीत जातं.

सगळ्यात आधी औषधं. घरून आणलेल्या जुन्या गोळ्या आणि हॉस्पिटलच्या नव्या गोळ्या एकाच टेबलावर, डॉक्टरांसमोर मांडा आणि प्रत्येक पाकीट हातात घेऊन विचारा: ही चालू, बंद, की बदलली? मी एका घरी गेले तेव्हा आजींचा बीपी बसल्यावर ठीक होता, उभं केलं की एकदम उतरत होता. डब्यात बीपीच्या दोन पट्ट्या सापडल्या. एक फॅमिली डॉक्टरांची, एक हॉस्पिटलची. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, आतलं औषध एकच, ॲम्लोडिपिन. सूनबाई दोन्ही अगदी वेळेवर देत होत्या. पट्टीवर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव असतं, ते जुळवून बघा.

मग रक्त पातळ करणारं औषध. गोळी असो वा पोटात टोचायचं इंजेक्शन, ते कोणत्या तारखेपर्यंत द्यायचं हे तारीख घालून लिहून घ्या. गुठळीचा धोका घरी आल्यावर संपत नाही, म्हणून हे औषध अनेकदा ३५ दिवसांपर्यंत चालवतात. "ऑपरेशन झालं, आता कशाला" म्हणून मध्येच सोडू नका. आणि ते चालू असताना मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा तसली दुखण्यावरची गोळी परस्पर आणू नका. दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होतो, शौच डांबरासारखी काळी होते, हिमोग्लोबिन उतरतं. किडनीवर ताण येतो तो वेगळाच. दुखण्यासाठी काय चालेल हे कार्डावरच लिहून मागा. लोहाच्या गोळीनेही शौच काळसर होते, पण चिकट, दुर्गंधीयुक्त आणि डांबरासारखी असेल तर वाट बघू नका.

लघवीची नळी घातलेलीच असेल तर ती कधी काढायची? जितके दिवस ती आत, तितका संसर्गाचा धोका. पायावर पूर्ण भार द्यायचा का? टाके कधी काढायचे? रात्री दोन वाजता काही झालं तर कोणत्या नंबरवर कोण उचलेल? शेवटचं हिमोग्लोबिन, सोडियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) किती होतं? हे आकडे कार्डावर नसतील तर रिपोर्टची प्रत घ्या. पुढच्या डॉक्टरांना त्यांची फार मदत होते.

आई पाणीच पीत नाही. जबरदस्ती करावी का?

आधी ती का पीत नाही ते बघा. जवळजवळ प्रत्येक घरात उत्तर एकच असतं: प्यायलं की लघवीला जावं लागतं. उठताना दुखतं, पडायची भीती वाटते आणि मुलाला किंवा सुनेला हाक मारायची लाज वाटते. दुपारी चारनंतर चहासुद्धा नको म्हणणाऱ्या कितीतरी आज्या मी बघते. त्यातून लघवी गडद होते, जंतुसंसर्ग होतो, बद्धकोष्ठता वाढते, उभं राहिल्यावर चक्कर येते आणि मग एक दिवस ताप येऊन ॲडमिट.

म्हणून पाण्याचा आग्रह करण्याआधी लघवीची सोय करा. खाटेशेजारी कमोड खुर्ची ठेवा, रात्री दिवा चालू ठेवा, उशाशी घंटी द्या. मदतीला बाई असेल तर आईसमोरच तिला सांगा की दर दोन-तीन तासांनी स्वतःहून विचारायचं, आईने मागायची वाट बघायची नाही. एवढं झालं की बहुतेक जणी पाणी पितात. मग ताक, पेज, सूप, शहाळं असं आलटून पालटून द्या. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल आणि डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर तेच माप पाळा, आणि शहाळं त्यांना विचारूनच.

सासूबाई रात्री भलतंच बोलायला लागल्या. वारलेल्या माणसांना हाका मारतात. वयामुळे असेल ना?

असं एक-दोन दिवसांत अचानक सुरू झालं असेल तर वय म्हणून सोडून देऊ नका. वयाचा विसराळूपणा महिन्या-महिन्याने वाढतो. हा अचानक आलेला भ्रम असतो आणि त्यामागे बहुतेकदा काही शारीरिक कारण सापडतं: संसर्ग, सोडियम उतरणं, ऑक्सिजन कमी पडणं, लघवी तुंबणं, चार दिवस शौच न होणं, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामक गोळी किंवा झोपेची गोळी. वृद्धांना न्यूमोनिया झाला तरी ताप येईलच असं नाही. कधीकधी पहिली खूण ही बडबडच असते.

याचं दुसरं रूप घरच्यांना आवडतं, म्हणून ते जास्त फसवं. माणूस एकदम शांत होतो, दिवसभर झोपतो, विचारलं तर "हो" म्हणतो आणि डोळे मिटतो. त्रास देत नाही म्हणून सगळे खूश. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

तोवर चष्मा आणि कानाचं यंत्र लावा, दिवसा खिडकी उघडी ठेवा, ओळखीचं माणूस जवळ बसू द्या. हात बांधू नका. झोपेची गोळी मनाने देऊ नका.

छातीसाठी ते तीन चेंडूंचं यंत्र दिलंय. ते किती वेळा फुंकायचं?

ते फुंकायचं नसतं! नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, चेंडू वर गेले की क्षणभर धरून ठेवायचे. निम्म्याहून अधिक घरांत ते फुंकताना दिसतात. जागेपणी दर तासा-दोन तासांनी आठ-दहा वेळा पुरे. त्याहून मोठं काम म्हणजे माणसाला बसवणं. जेवण आणि औषध कधीही आडवं झोपवून देऊ नका. नीट बसवून भरवा आणि नंतर अर्धा तास तसंच बसू द्या. घास किंवा पाणी घेताना दरवेळी ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा.

जखमेतून थोडं पाणी येतंय. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणू का?

नको. पहिले काही दिवस डाग पडणं वेगळं. आठवड्यानंतरही ड्रेसिंग ओलं होत असेल, कोरडी झालेली जखम पुन्हा पाझरत असेल, लाली किंवा दुखणं वाढत असेल तर सर्जननेच बघायला हवी. परस्पर गोळ्या घेतल्या की वरवर बरं वाटतं, पण आतला संसर्ग तसाच राहतो आणि नंतर तपासणीत जंतू सापडत नाही. हळद, तेल, लेप यांपैकी काहीही लावू नका.

ऑपरेशनचा पाय सुजलाय. घाबरायचं का?

संध्याकाळी सूज आणि सकाळी कमी, हे बरेच आठवडे चालतं. पोटरी घट्ट झाली, दाबल्यावर दुखली, सूज रात्रभर पाय वर ठेवूनही उतरली नाही, तर त्याच दिवशी डॉपलर, म्हणजे पायातला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी, करायला हवी. अशा पायाला मालिश अजिबात नको.

टाचही बघा. दोन्ही टाचा, पाठीचा खालचा भाग, रोज अंघोळीच्या वेळी. लाल डाग दाबल्यावरही लालच राहिला तर तिथे फोड येणार. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवा, कूस बदला.

सांधा निखळू नये म्हणून काय सांभाळायचं? आमच्याकडे सगळं खालीच बसून असतं.

निखळणं बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत होतं. सांधा मागच्या बाजूने उघडून बसवला असेल तर गुडघा कंबरेच्या वर जाईल असं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, ऑपरेशनचा पाय आत वळवायचा नाही. म्हणजे मांडी घालणं, पाट, मोरीतलं स्टूल, देशी संडास, वाकून चप्पल घालणं, देवापुढे खाली बसणं हे सगळं बंद. किती दिवस, ते सर्जन सांगतील. कारण ते शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर अवलंबून आहे.

घरात सगळ्यात जास्त घोटाळा प्लॅस्टिकच्या खुर्चीचा. ती बसकी असते, मागे कललेली असते आणि वर चादर घडी घालून ठेवली तरी बसल्यावर दबते. माणसाला उभं करा, जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत टेपने मोजा. बैठक त्याहून थोडी उंच हवी, टणक हवी, दोन्ही बाजूंना हात हवेत. खाटेचंही तेच. खाट बसकी असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे पक्के बसवून घ्या. विटा नकोत, त्या सरकतात. कमोडवर उंच बैठक मिळते, ती आणा.

एकदम कळ आली, पायावर उभंच राहता येईना, पाय आखूड आणि आत वळलेला दिसला तर ओढून बसवायचा प्रयत्न करू नका. आहे तसं झोपवा आणि हॉस्पिटलात न्या.

पडतील या भीतीने आम्ही त्यांना उठवतच नाही. चुकतंय का?

हो. मनापासून सांगते, हे प्रेम नुकसान करतं. झोपवून ठेवलेल्या माणसाचे स्नायू आठवड्यात विरतात आणि न्यूमोनिया, फोड, गुठळी यांना वाट मोकळी होते. सर्जनने भार द्यायला परवानगी दिली असेल तर दिवसातून चार-पाच वेळा वॉकरने थोडं थोडं चालवा. एकदाच दमेपर्यंत नको. उठवताना आधी दोन मिनिटं काठावर बसवा, मग उभं करा. दंडाला किंवा काखेत धरून ओढू नका. कंबरेला पट्टा किंवा ओढणी पक्की बांधून ती धरा. घरातल्या घरातही मागून बांधलेली चप्पल, मोज्यांवर चालणं नाही. साडी घोट्याच्या वर.

खायला काय द्यायचं?

प्रथिनं. आजारी माणसाला आपण मऊ भात, वरणाचं पाणी आणि चहा-बिस्किटांवर ठेवतो, त्यातून जखम भरत नाही. किडनीचा त्रास नसेल तर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण एक ते सव्वा ग्रॅम प्रथिन लागतं. पन्नास किलोच्या बाईला ५० ते ६० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, मोठा पेला दुधात ८. म्हणजे घट्ट वरण, अंडं, पनीर, दही, मासे, मोड आलेली मटकी शिजवून, असं प्रत्येक जेवणात काहीतरी हवं. कवळी हॉस्पिटलात राहिली असेल किंवा सैल झाली असेल तर आधी तिचं बघा. कितीतरी जण त्यामुळेच जेवत नाहीत.

कोणत्या खुणा दिसल्या तर लगेच निघायचं?

अचानक धाप, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त, बेशुद्धी, काळी डांबरासारखी शौच, पाय आत वळून उभं न राहता येणं: महाराष्ट्रात १०८ वर फोन करा, सकाळची वाट नको. ताप, नवा भ्रम किंवा झोपाळूपणा, सहा-आठ तास लघवी नाही, जखम पाझरणं, पोटरी सुजणं: त्याच दिवशी डॉक्टर.

ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं तिथेच जाता आलं तर उत्तम. सांध्याच्या तक्रारीसाठी तर तिथेच. पण धाप लागलेल्या माणसाला दोन तास गाडीत घालून नेऊ नका, जवळ जिथे ऑक्सिजन आणि आयसीयू आहे तिथे न्या. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, सध्या चालू असलेल्या गोळ्यांची पिशवी, इम्प्लांटचं, म्हणजे बसवलेल्या सांध्याचं, स्टिकर आणि चष्मा एका पिशवीत तयार ठेवा.

दुसऱ्यांदा भरतीचा खर्च विमा देतो का?

पॉलिसी बघावी लागेल. विम्याच्या प्रमाणित व्याख्येत, शेवटच्या सल्ल्यापासून ४५ दिवसांत तोच आजार उलटला तर तो एकच आजार धरतात. न्यूमोनिया हा वेगळा आजार आहे, त्यामुळे दाखल होण्याचं कारण कागदावर स्पष्ट लिहून घ्या. आयुष्मान भारत योजनेत डिस्चार्जनंतरच्या १५ दिवसांची औषधं पॅकेजमध्येच धरलेली आहेत, ती मागा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना उत्पन्न न बघता या योजनेचं कार्ड मिळतं. काढलं नसेल तर आजच काढा.

एक खुबा झाला. दुसरा मोडू नये म्हणून काही औषध आहे का?

आहे, आणि ते न देता माणसं घरी पाठवली जातात याचं मला फार वाईट वाटतं. साध्या पडण्याने खुबा मोडला म्हणजे हाड ठिसूळ झालेलं आहे, त्यासाठी आणखी पुरावा लागत नाही. नुसतं कॅल्शियम पुरत नाही. झोलेड्रोनिक ॲसिडचं वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं इंजेक्शन असतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर ९० दिवसांच्या आत ते दिलेल्या रुग्णांमध्ये नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. त्याआधी ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि किडनीची तपासणी करतात, ड कमी असेल तर ते भरून काढतात. दात काढायचे असतील तर तेही आधीच सांगावं. ऑपरेशननंतर लगेच ते देत नाहीत, साधारण दोन आठवडे जाऊ देतात. म्हणून टाके काढायला जाल त्या दिवशी सर्जनना स्वतःहून विचारा: "हाडाच्या ठिसूळपणाचं औषध कधी सुरू करायचं?" त्याच फेरीत डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या. मोतीबिंदू राहिलेला असेल तर घरातला उंबरठा आईला अजूनही दिसत नाहीये.